ट्रक पहिल्याच गावात का रिकामा होतो

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, यावरून पुराचा अंदाज यावा. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, सांगलवाडी, हरिपूर असा सगळा नदीकाठ पाण्यात होता. आणि त्याच दिवसांत याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडं, प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. दोन्हींमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. राज्यभरातून निघालेल्या मदतीच्या गाड्या मात्र एकाच बाजूला वळल्या.

यात कुणाची लबाडी नव्हती. पूर टीव्हीवर दिसतो. दुष्काळ दाखवायचा म्हटला तर दाखवणार काय? रिकामी घागर. मदत पाण्यासारखीच उताराकडं धावते, फक्त तिचा उतार गरजेचा नसतो. तो रस्ता ठरवतो, कॅमेरा ठरवतो आणि सगळ्यात जास्त यादी ठरवते. हे सांगलीत जितकं खरं, तितकंच हैतीत, सुदानमध्ये आणि बांगलादेशातही खरं आहे.

मदतकार्याची जगन्मान्य तत्त्वं चार आहेत: मानवता, निष्पक्षता, तटस्थता आणि स्वातंत्र्य. रेड क्रॉसच्या परंपरेतून ती आली. त्यातली पहिली तीन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९९१ मध्ये ठराव ४६/१८२ करून स्वीकारली. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो निष्पक्षतेचा. आपल्याकडं निष्पक्ष म्हटलं की सगळ्यांना सारखं, असा अर्थ घेतला जातो. तत्त्वाचा अर्थ आहे गरजेनुसार, आणि ज्याची गरज जास्त त्याला आधी.

फरक हिशेबात दिसतो. माणसाला जगायला दिवसाला साधारण २,१०० उष्मांक लागतात, असं आंतरराष्ट्रीय मानक धरतं. ते भागवायला माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि वर थोडं मीठ-साखर वगैरे लागतं. २०१९ च्या पुरात सरकारी मदत होती कुटुंबामागं १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. पाच माणसांच्या घरात रोज दोन किलो धान्य लागतं, म्हणजे ते दहा दिवस पुरलं. आठ माणसांच्या घरात सहा दिवस. एकट्या म्हातारीला पन्नास दिवस, पण तिला दळून कोण देणार आणि गिरणी कुठं चालू आहे? पोतं सगळ्यांना सारखंच मिळालं, मदत सारखी झाली नाही.

एका माणसामागं सात हजार डॉलर, दुसऱ्यामागं तीन

जागतिक पातळीवर हीच तफावत इतकी मोठी आहे की आकडे पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अनेक संस्थांनी मिळून मूल्यमापन केलं. बाधित माणसामागं ७,००० डॉलरपेक्षा जास्त मदत जमली होती. त्याच वर्षी बांगलादेशात पूर आला, तीन कोटींहून जास्त लोक बाधित झाले, आणि तिथं मिळाले माणशी सुमारे ३ डॉलर. त्सुनामी नाताळच्या सुट्टीत आली, तिच्या किनाऱ्यांवर परदेशी पर्यटक होते, लाटेची चित्रफीत जगभर फिरली. बांगलादेशात काय, पूर तर दरवर्षीच येतो, अशी भावना.

मुळात या पैशाला कर किंवा वर्गणी असं काही बंधन नाही. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक संकटासाठी आवाहन काढतात, देश आपापल्या मर्जीनं आकडा टाकतात. तो टाकताना बहुतेक वेळा शिक्काही मारतात: हे पैसे अमुकच देशासाठी, अमुकच कामासाठी. त्यामुळं एका संकटात पैसा पडून राहतो आणि दुसरीकडं रेशन निम्मं होतं. थोडे देणारेच मोठे असल्यानं एकानं हात आखडला की सगळंच कोलमडतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी आपली मदतसंस्था यूएसएड गुंडाळली, तेव्हा ते जगानं पाहिलं. संयुक्त राष्ट्रांचा एक आपत्कालीन निधी आहे. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग, ज्यांच्याकडं कुणी बघत नाही अशा संकटांसाठी ठेवलेला असतो. पण एकूण गरजेपुढं तो निधी म्हणजे टँकरच्या तळातलं पाणी.

आपल्याकडचं उदाहरण २०१६ चं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, आणि देशभरातल्या बातम्या. लातूरची गरज खरीच होती, त्यात वाद नाही. पण मिरज ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातला जत तालुका तेव्हा टँकरवर होता आणि त्याची बातमी जिल्हा पानाच्या पुढं गेली नाही.

रस्ता

पुणे-बंगळूर महामार्गावरून मदतीचा ट्रक आत वळतो. ड्रायव्हरला परत जायचं असतं, बरोबर आलेल्या मंडळाच्या पोरांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असतं. डांबरी संपते तिथं पहिलं गाव लागतं, लोक गाडीला हात करतात, अर्ध्या तासात गाडी रिकामी. पुढच्या गाडीचंही तसंच. चार दिवसांनी त्या गावात बिस्किटांचे खोके शाळेच्या व्हरांड्यात रचलेले असतात आणि पाच किलोमीटर आत, नदीकाठच्या मळीच्या पलीकडच्या वस्तीवर मेणबत्तीसुद्धा पोचलेली नसते. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हा तर रस्ताच नव्हता. अशा वेळी मदत किती जमली याला अर्थ राहत नाही, शेवटच्या पाच किलोमीटरसाठी काय सोय आहे याला असतो.

यावरचा उपाय साधा आहे. वाटप शेवटच्या वस्तीपासून सुरू करून रस्त्याकडं यायचं, रस्त्यापासून आत जायचं नाही. मोठा ट्रक तालुक्याच्या गावी गोदामात रिकामा करायचा, माल मोजून नोंदवायचा, आणि तिथून छोट्या टेम्पोनं, ट्रॅक्टरनं, गरज पडली तर डोक्यावरून न्यायचा. आलेल्या पाहुण्यांना आपल्या हातानं वाटल्याचं समाधान मिळत नाही, म्हणून ते थोडे नाराज होतात. होऊ द्यावं.

कपड्यांबद्दल एक सांगायलाच हवं. प्रत्येक मोठ्या आपत्तीत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजतात. त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कुजले, २०१९ मध्ये कृष्णाकाठीही. कुणीही न मागितलेली वस्तू गोदामातली जागा खाते, ती निवडायला माणसं लागतात, आणि पावसात भिजली की शेवटी कचरा म्हणून उचलायचा खर्च ग्रामपंचायतीवर पडतो. पूर ओसरल्यावर बाईला खरंच लागतात ती नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, खराटा, फावडं, ब्लीचिंग पावडर, आणि गॅसची शेगडी दुरुस्त करून देणारा माणूस.

यादी ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात

मदतीतला खरा अन्याय पोत्याच्या वजनात नसतो, तो यादीत होतो. आपल्याकडं नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून करतात. (तलाठ्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात तो तलाठीच आहे.) पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत, तीही सहसा दोन हेक्टरपर्यंत. २०१९ मध्ये आपत्ती निधीचे दर होते कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० आणि बारमाही पिकाला १८,०००. म्हणजे मदत जमिनीला मिळते, माणसाला नव्हे. सात-बारावर नाव नसलेला वाटेकरी, ज्यानं बी-खतात स्वतःचे पैसे घातले, त्याला शून्य. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणाऱ्या बाईची महिनाभराची मजुरी बुडाली, ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

घरगुती मदतीतही तीच अडचण. २०१९ मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये होतं. आता कुटुंब म्हणजे काय? रेशनकार्ड एक, पण तीन भाऊ वेगळे राहतात, चुली तीन. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं सगळं सामान गेलं, पण पत्त्याचा पुरावा घरमालकाच्या नावाचा. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी राहते, तिचं नाव अजून सासरच्या कार्डात. गावाबाहेरच्या वस्तीतल्या भटक्या कुटुंबाकडं कार्डच नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते उंबरे मोजत नाहीत, चुली मोजतात.

जुनी विषमता मदतीतून कशी पक्की होते, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानं ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं क्षेत्रफळ ठरलं जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. भूकंपानं लहान-मोठी घरं सारखीच जमीनदोस्त केली होती. नव्या गावात ती पुन्हा लहान-मोठी झाली, आणि एकाच मापाची घरं एकत्र बांधल्यानं कोण कुठल्या आळीत हे लांबूनच कळू लागलं. या मापांच्या बाजूनं युक्तिवाद होता: ज्याच्याकडं अवजारं, जनावरं, धान्य जास्त त्याला जागा जास्त लागते. तो अगदीच चुकीचा नाही. पण दुसऱ्या बाजूला सहा माणसं २५० फुटांत राहणार होती, हे वजन त्या तराजूत पडलं नाही.

यादीची टोकाची गोष्ट १९९४ ची. रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो लोक काही दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधल्या (आताचा काँगो) गोमा इथं आले. त्यांच्यात संहार घडवणारे पुढारी आणि सैनिकही होते. मदतसंस्थांनी घाईत यादी करायचं आणि वाटायचं काम त्याच जुन्या पुढाऱ्यांवर सोपवलं, कारण लोक त्यांना ओळखत होते. पुढाऱ्यांनी माणसांचे आकडे फुगवले, जादा रेशन विकलं, त्यातून आपली फौज पोसली, आणि परत जाऊ पाहणाऱ्यांना धमकावलं. ‘सीमांपलीकडचे डॉक्टर’ या संस्थेच्या फ्रेंच शाखेनं नोव्हेंबर १९९४ मध्ये काम थांबवलं: आमची मदत मारेकऱ्यांना बळ देते आहे. दुसऱ्या संस्था तिथंच काम करत राहिल्या: छावणीत लहान मुलंही आहेत, त्यांना कुणी वाचवायचं? दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि त्या भांडणाचा निकाल आजवर लागलेला नाही.

यादी धरणाऱ्याच्या डोक्यावर कुणी नसलं की आणखी वाईट घडतं. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांतून मदतीच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचं बाहेर आलं. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर स्पष्ट बंदीचा नियम काढला: मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंध नाहीत, अठरा वर्षांखालच्या कुणाशीही नाहीत, वय माहीत नव्हतं ही सबब चालणार नाही. तरी २०१८ मध्ये हैतीतली जुनी प्रकरणं उघडकीला आलीच. म्हणून वाटप करणारा आणि तक्रार घेणारा ही दोन वेगळी माणसं लागतात. तक्रारीचा नंबर गावाबाहेरच्या बाईचा असावा. सरपंचाच्या पुतण्याविरुद्ध तक्रार सरपंचाच्या ओट्यावर कोण करेल?

मदतीनंच केलेलं नुकसान

कृष्णाकाठच्या माणसाला वरच्या गावाचं सांडपाणी खालच्या गावाच्या पिण्यात येतं हे सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत तेच झालं. भूकंपानंतरच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरची मैल्याची व्यवस्था नीट नव्हती, ते पाणी आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेलं आणि कॉलरा पसरला. मृतांचा आकडा सुमारे दहा हजार. संयुक्त राष्ट्रांनी सहा वर्षं जबाबदारी टाळली. डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की मून यांनी माफी मागितली. नवं शौचालय बांधण्याआधी पाण्याचा प्रवाह कुठल्या दिशेला आहे, एवढं बघायला लागला असता एक माणूस आणि एक दिवस.

छावणीची मापं ठरलेली आहेत आणि ती पाठ असावीत. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, झोपायला ३.५ चौरस मीटर, वीस माणसांमागं एक शौचालय, त्यातही बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आता हे शाळेला लावून बघा. २० बाय २५ फुटांच्या वर्गात मानकाप्रमाणं तेरा माणसं बसतात. पुरात चाळीस असतात. तीनशे माणसांच्या शाळेला रोज ४,५०० लिटर पाणी आणि १५ शौचालयं हवीत. सहसा असतात चार, त्यातलं एक शिक्षकांचं आणि कुलूपबंद. मग बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, अंधाराची वाट बघतात. धान्याच्या पोत्यांपेक्षा त्या कुलपाची किल्ली आधी शोधावी.

निर्णय कोण घेतं

२०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी करार केला: २०२० पर्यंत निधीचा किमान २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना. मुदत संपली तेव्हा थेट मिळणारा वाटा एक आकडी टक्क्यांतच होता. कारण उघड आहे. देणगीदाराला एका मोठ्या संस्थेशी एक करार करणं सोपं; दोनशे लहान संस्थांचे हिशेब कोण तपासणार? मग साखळी तयार होते. समजा वरून शंभर रुपये निघाले आणि तीन पायऱ्यांनी व्यवस्थापनाचे सात-सात टक्के ठेवले, तर शेवटच्या संस्थेकडं सुमारे ८० येतात, आणि तिला स्वतःच्या कार्यालयाचं भाडं त्यातून काढायची बहुतेक वेळा परवानगी नसते. होडीत बसणारी, दरडीखाली जाणारी माणसं तिचीच.

भारतात आणखी एक गाठ आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं एका संस्थेनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैशाचा माग राहावा हा हेतू सांगितला गेला. परिणाम असा, की तालुक्याच्या गावातली, इंग्रजी अहवाल न लिहू शकणारी संस्था मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या परदेशी निधीला मुकली.

यादीच नको, असा एक मार्ग महाराष्ट्रानं शोधला होता. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला, तलाव खोदायला गेले, कामावर खायला सुकडी मिळाली. त्यामागची रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांची: जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कोण गरीब हे ठरवायला कुणी साहेब नको. उन्हात दगड फोडायला जो येतो, त्याला गरज आहे. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला. यात हात पसरावा लागत नाही, हे मोठं. पण ज्याच्या अंगात ताकदच नाही, म्हातारा, आजारी, दिवस भरलेली बाई, तो यातून गळतो. त्याच्यासाठी पुन्हा यादी आलीच.

गावपातळीवर वाटप करायचं असेल तर

यादी चुलीप्रमाणं, माणसांची संख्या लिहून करावी. ती चावडीवर आणि प्रत्येक वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावी आणि एक दिवस हरकतीसाठी ठेवावा. वाचून दाखवताना आजार, विधवा, परित्यक्ता असले तपशील वाचू नयेत, फक्त नावं. आधारकार्डाची झेरॉक्स घेऊ नये; एका किटसाठी ती लागत नाही आणि ती नंतर कुणाच्या हाती जाते हे कुणालाच माहीत नसतं. रोहिंग्या निर्वासितांची नोंदणीची माहिती ज्या देशातून ते पळाले त्या म्यानमारलाच पोचल्याचं २०२१ मध्ये उघड झालं, तेव्हा कागदाची किंमत कळली. टोकनावर वस्ती आणि वेळ लिहावी, म्हणजे गर्भार बाईला चार तास रांगेत उभं राहावं लागत नाही.

फोटो काढायचाच तर मालाचा, गोदामाचा काढावा. हात पुढं केलेल्या माणसाचा नको. रेड क्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत हे कलमच आहे: आपत्तीतल्या माणसाला लाचार वस्तू म्हणून दाखवू नये. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले गेले आणि त्यावर गदारोळ झाला; पण देणाऱ्या मंडळाचा फ्लेक्स आणि त्यापुढं उभी केलेली म्हातारी, यावर कुणी बोललं नाही.

रोख द्यायची की वस्तू, हे बाजारावर ठरतं. जवळच्या बाजारपेठेतल्या तीन दुकानदारांना विचारावं: माल आहे का, नवा माल कधी येतो, दर वाढलेत का? दुकानं उघडी असतील तर रोख चांगली. ज्याला वही हवी तो वही घेईल, ज्याला गोळ्या हव्यात तो गोळ्या. दुकानंच पाण्यात असतील, सांगलीच्या गणपती पेठेत २०१९ मध्ये होती तशी, तर पहिले दोन आठवडे वस्तू द्याव्यात आणि मग थांबावं. महिनोन् महिने फुकट तांदूळ वाटला की पुरातून कसाबसा सावरणारा गावातला किराणावाला बसतो. बँकेत पैसे टाकताना पासबुक वाहून गेलं आहे का आणि खातं चालू आहे का, हे आधी बघावं.

पंधरा दिवसांनी परत जाऊन यादीतली पाच घरं आणि यादीत नसलेली पाच घरं गाठावीत. यादीबाहेरच्यांकडून जे कळतं ते आतल्यांकडून कळत नाही. आठवडी बाजारात आपण वाटलेली ब्लँकेटं विकायला दिसली तर विकणाऱ्याला दरडावू नये. त्याला किती पैशांची आणि कशासाठी गरज होती, ते विचारून वहीत लिहून घ्यावं.